जुन्या विमानाच्या प्रोपेलरची थरथर पुन्हा पुन्हा परत येते तेव्हा

"बॅलन्स करून घेतला, महिनाभर छान चालला, आणि आता पायाखाली पुन्हा तीच थरथर." जुनं छोटं विमान सांभाळणाऱ्यांकडून हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. त्यावरचा उपायही बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: पुन्हा एकदा बॅलन्स, म्हणजे प्रोपेलरच्या फिरत्या वजनाचा समतोल साधणं. दर वेळी थोडं वजन लावायचं, कंपनाचा आकडा खाली आला की समाधान मानायचं आणि पुढच्या तपासणीनंतर पहिल्यापासून सुरुवात करायची.

थरथर परत येते याचा अर्थ मधल्या काळात काहीतरी बदललं. एक तर एखादा भाग सैल होतोय, तडकतोय, झिजतोय. नाहीतर देखभालीच्या वेळी आपणच काहीतरी काढून वेगळ्या जागी बसवतोय. त्यामुळे पहिलं काम लॉगबुक उघडण्याचं. थरथर कोणत्या तारखेला, किती तासांवर सुरू झाली आणि त्याच्या आधीच्या दहा तासांत विमानावर कोणतं काम झालं, हे कागदावर शेजारी शेजारी लिहा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच दिसतं.

मी पाहिलेलं एक उदाहरण. 1970 च्या दशकातलं चार आसनी विमान, चार सिलिंडरचं 150 हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन पात्यांचा 75 इंची धातूचा फिक्स्ड-पिच, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा, प्रोपेलर. दोन वर्षांत तीन वेळा डायनॅमिक बॅलन्स, म्हणजे इंजिन चालवून, कंपन मोजून केलेला बॅलन्स, झालेला. दर वेळी शेवटचा आकडा उत्तम आणि दर वेळी काही महिन्यांत तक्रार परत. तिन्ही तारखा लॉगबुकाशी जुळवल्यावर लक्षात आलं, की थरथर परत आली ती प्रत्येक वेळी स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोकदार टोपी) काढून बसवल्यानंतरच. बॅलन्सचं वजन म्हणून स्पिनरच्या स्क्रूखाली जाड वॉशर लावले होते. तपासणीच्या वेळी स्पिनर उतरला की सगळे स्क्रू आणि वॉशर एकाच ट्रेमध्ये जमा व्हायचे, आणि परत बसवताना ज्याच्या हाताला जो येईल तो त्या भोकात जायचा. दोष एकट्या माणसाचा नव्हता. कोणता वॉशर कुठला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

याचं गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. प्रोपेलरच्या मध्यापासून 13 सेंटीमीटरवर 20 ग्रॅम वॉशर लावले, की 2400 आरपीएमला (मिनिटाला 2400 फेरे) ते बाहेरच्या दिशेने साधारण 17 किलो वजनाइतकी ओढ देतात. तेच वॉशर बरोबर समोरच्या बाजूला गेले, तर मूळ असमतोल तसाच राहतो आणि त्यात तेवढ्याच असमतोलाची भर पडते. म्हणजे बॅलन्स न करता विमान जितकं थरथरलं असतं, त्याच्या दुप्पट. तेव्हापासून माझ्या हाताखाली स्पिनर उतरला, की आधी पातं क्रमांक 1, स्पिनर आणि मागचा बल्कहेड (स्पिनर ज्यावर बसतो ती चकती) यांच्यावर जुळणारी खूण होते. खूण मार्करने, शिसपेन्सिलीने कधीच नाही, कारण ॲल्युमिनियमवर ग्रॅफाइट गंजाला आमंत्रण देतं. प्रत्येक स्क्रू वॉशरसकट पुठ्ठ्यावर काढलेल्या वर्तुळात आपापल्या जागी खोचला जातो.

हात लावण्याआधी

मॅग्नेटोचा (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद आहे म्हणजे प्रोपेलर मेला, असं समजू नका. मॅग्नेटोला अर्थ करून बंद ठेवणारी पी-लीड ही वायर तुटली असेल तर किल्ली खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत असतो, आणि गरम इंजिनाचं पातं थोडंसं फिरवलं तरी एक फटका बसू शकतो. जुन्या विमानात ही वायर कुठे ना कुठे कडक होऊन तडकलेली असतेच. इंजिन बंद करण्यापूर्वी आयडलवर क्षणभर स्विच 'ऑफ' करून इंजिन खरंच मरतंय का ते बघा. नंतर चाकांना ठोकळे, मिक्श्चर (इंधनाचा लिव्हर) बंद, किल्ली बाहेर, आणि प्रत्येक सिलिंडरमधून एक स्पार्क प्लग काढून ठेवा. त्यामुळे प्रोपेलर हलक्या हाताने फिरतो, मोजमापही नीट होतं. तरीही पात्याच्या फिरण्याच्या वर्तुळात उभं राहायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट. खाली जे लिहिलंय त्यातलं बघणं, ऐकणं, मोजणं, नोंदवणं मालकाने किंवा वैमानिकाने जरूर करावं. प्रोपेलर उतरवणं, कानस लावणं, टॉर्क देणं (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणं) आणि त्यावर सही करणं हे परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअरचं काम आहे, आणि त्याने ते प्रोपेलरच्या मॅन्युअलप्रमाणेच करायचं आहे.

आधी टॅकोमीटर तपासा

केबलवर चालणारा जुना यांत्रिक टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं मीटर) वयाबरोबर कमी दाखवायला लागतो, आणि 50 ते 100 आरपीएमची चूक आढळणं अजिबात नवल नाही. काही इंजिन-प्रोपेलर जोड्यांना ठराविक आरपीएमच्या पट्ट्यात सतत चालवायला मनाई असते. पायपर चेरोकी 180 मध्ये 2150 ते 2350 हा असाच पट्टा आहे. तिथे इंजिनाचे ठोके आणि पात्याची नैसर्गिक कंपनं एकमेकांना गाठतात आणि धातू थकत जातो. टॅकोमीटर 100 ने कमी दाखवत असेल, तर काटा 2140 वर ठेवून "आपण पट्ट्याच्या खाली आहोत" असं समजणारा वैमानिक प्रत्यक्षात 2240 वर, म्हणजे पट्ट्याच्या ऐन मध्यावर, तासन्‌तास उडत असतो. ऑप्टिकल टॅकोमीटर विंडशील्डच्या आतून पात्यांवर रोखून दोन मिनिटांत ही शंका मिटते. 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारी जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट समोर असेल, तर 1500 आरपीएमला दोन पाती चार स्थिर पात्यांसारखी दिसतात. पडताळणीसाठी तेवढंही पुरतं.

फिक्स्ड-पिच प्रोपेलर असेल तर याच वेळी स्टॅटिक आरपीएम घ्या: वारा नसताना, विमान उभं ठेवून, पूर्ण थ्रॉटल. टाइप सर्टिफिकेट डेटा शीटमध्ये (विमानाच्या त्या मॉडेलच्या मंजुरीच्या कागदात) त्याची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. आकडा मर्यादेच्या खाली आला तर इंजिन अशक्त आहे किंवा प्रोपेलरची पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं हिशेबी अंतर, जास्त आहे. वर गेला तर पिच कमी केलेली आहे किंवा वर्षानुवर्षं घासून पाती बारीक झाली आहेत. मॅकॉली कंपनीच्या प्रोपेलरवर 7553 असं कोरलेलं असेल, तर त्याचा अर्थ व्यास 75 इंच आणि पिच 53 इंच. पण जुन्या प्रोपेलरची पिच मधल्या मालकाने बदलून घेतलेली असू शकते, म्हणून हबवरचा आकडा आणि लॉगबुकातली नोंद दोन्ही बघा.

इंजिन की प्रोपेलर?

यावर सगळ्यात जास्त वेळ खर्च करा. पैसे चुकीच्या ठिकाणी जातात ते इथेच.

उडताना करता येईल अशी एक चाचणी आहे. समजा थरथर 2400 ला सर्वांत वाईट आहे. सरळ उड्डाणात 2400 वर ती कशी जाणवते ते लक्षात घ्या. मग थ्रॉटल थोडा मागे घेऊन, नाक हलकं खाली करून, उतरत्या अवस्थेत तेच 2400 साधा. वजनाचा असमतोल फक्त फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे ताकद कमी झाली तरी तो जवळपास तसाच जाणवतो. थरथर स्पष्टपणे कमी झाली, तर संशय इंजिनाच्या ज्वलनावर किंवा दोन पात्यांच्या वेगवेगळ्या कोनांवर जातो.

कंपन मोजणारं यंत्र असेल तर काम आणखी सोपं. 2400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 40 फेरे. आलेखात 40 हर्ट्झला शिखर असेल तर वजनाचा असमतोल. 20 हर्ट्झला असेल तर एखादं सिलिंडर नीट काम करत नाही, कारण फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं. ही थरथर अंगालाही वेगळी कळते, लंगडल्यासारखी, संथ. तिथे प्रोपेलरला दोष देऊ नका. कॉम्प्रेशन, प्लग, इनटेक पाइपचे गॅस्केट बघा. 80 हर्ट्झला थोडं कंपन चार सिलिंडर आणि दोन पात्यांच्या जोडीत असणारच.

इंजिन माउंटचे रबर विसरू नका. तीस-चाळीस वर्षांच्या विमानात ते दबून टणक झालेले असतात. इंजिन पुढून खाली झुकतं, स्पिनर आणि काउलिंग (इंजिनावरचं आवरण) यांच्यातली फट वर-खाली सारखी राहत नाही. असमतोल तोच असतो, पण रबर तो शोषून घेत नाही म्हणून केबिनमध्ये जास्त जाणवतो.

पात्यांचा ट्रॅक

दोन्ही टोकं एकाच प्रतलात फिरतात का, हे मोजायला महागडं काही लागत नाही. एका पात्याच्या टोकापासून अर्ध्या सेंटीमीटरवर उभा, जड, न हलणारा लाकडी ठोकळा ठेवा. टोक जिथे येतं तिथे बारीक रेघ मारा, प्रोपेलर अर्धा फेरा फिरवा, दुसऱ्या टोकाची रेघ मारा. दोन्ही वेळा प्रोपेलर हबजवळ मागे दाबून धरा, कारण क्रँकशाफ्टला पुढे-मागे थोडी हालचाल असते आणि तीच तुम्ही ट्रॅकची चूक म्हणून मोजाल. छोट्या विमानाच्या धातूच्या प्रोपेलरला रेघांमध्ये एक सोळांश इंच, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर, एवढा फरक चालतो. लाकडी प्रोपेलरला त्याच्या दुप्पट.

वर सांगितलेल्या विमानात वॉशरचा घोळ निस्तरल्यावरही मला स्वस्थता नव्हती. मुळात एवढं वजन लावावं का लागलं होतं? ट्रॅक मोजला: 1.4 मिलिमीटर. मर्यादेत, पण काठावर. प्रोपेलर उतरवल्यावर हबच्या मागच्या सपाट पृष्ठभागावर, अर्ध्याच भागात, राखाडी रंगाचा पातळ थर दिसला. कधीतरी पाती रंगवताना कागद नीट चिकटवला गेला नसावा. नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा निघाला. जाडी भरली दशांश मिलिमीटर. हब ज्यावर बसतो त्या क्रँकशाफ्टच्या चकतीचा, म्हणजे फ्लँजचा, व्यास साधारण 150 मिलिमीटर आणि टोकाची त्रिज्या 950. त्या हिशेबाने एका बाजूच्या 0.1 मिलिमीटर रंगामुळे दोन टोकांत सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. सगळी चूक त्या पापुद्र्यात होती. दोन्ही पृष्ठभाग साफ करून, मॅन्युअलप्रमाणे टॉर्क देऊन, सेफ्टी वायर लावून पुन्हा मोजलं तर फरक जेमतेम दिसण्याइतका उरला. नंतरच्या बॅलन्सला आधीच्या चौथा हिस्सा वजन पुरलं आणि ती तक्रार पुन्हा आली नाही.

साफ करूनही ट्रॅक चुकत असेल, तर प्रोपेलर फ्लँजवर 180 अंश फिरवून बसवा. त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये तशी मुभा आहे हे आधी पाहून. पुढे असलेलं पातं नव्या जागीही पुढेच राहिलं, तर वाकलंय ते पातं. चूक क्रँकशाफ्टच्या त्याच बाजूला राहिली आणि आता दुसरं पातं पुढे आलं, तर फ्लँज वाकलाय. मग डायल गेज लावा आणि जुन्या नोंदींत प्रोपेलर जमिनीला लागल्याचा उल्लेख शोधा. जुन्या विमानांत असे प्रसंग नेहमी लॉगबुकापर्यंत पोहोचलेले नसतात. वाकलेलं पातं जागेवर, थंड स्थितीत, सरळ करण्याचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. ते प्रोपेलर शॉपचं काम आहे, आणि काही वाक दुरुस्तीच्या पलीकडचे असतात.

पुढच्या कडेवरच्या खाचा

खडीवरून टॅक्सी केलं की पात्याच्या पुढच्या कडेला टवके पडतातच. मोठा टवका डोळ्यांना दिसतो. बारीक, टोकदार खाच दिसत नाही, आणि धोका तिचाच जास्त. कापसाचा बोळा घेऊन हबकडून टोकाकडे कडेवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकून राहील, तिथे थांबा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा.

75 इंची प्रोपेलरचं टोक 2700 आरपीएमला सेकंदाला साधारण 269 मीटर, म्हणजे ताशी 970 किलोमीटर वेगाने फिरतं. प्रत्येक फेऱ्यात पातं ताणलं जातं, वाकतं आणि थरथरतं, आणि खाचेच्या तळाशी हा सगळा ताण एकवटतो. तिथून तडा सुरू होतो. बहुतेक पाती टोकापासून काही इंचांवर तुटतात, म्हणून तिथली खाच पाहिली की मी उड्डाण थांबवतो. टोकाचा फक्त 100 ग्रॅमचा तुकडा 90 सेंटीमीटर त्रिज्येवरून 2500 आरपीएमला सुटला, तर उरलेला प्रोपेलर इंजिनाला सव्वासहाशे किलोच्या ओढीने सेकंदाला 41-42 वेळा गरगर हिसडतो. अशा वेळी इंजिन माउंटवरून उखडल्याच्या घटना झालेल्या आहेत. उडताना एकाएकी भयंकर हादरे सुरू झाले तर दुसरा विचार न करता थ्रॉटल मागे, वेग कमी, इंजिन बंद.

खाच काढताना बारीक कानस पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवायची, आडवी कधीच नाही. खाच बुजेपर्यंत घासून थांबायचं नाही. तळापर्यंत जाऊन खाचेच्या खोलीच्या किमान दहापट लांबीचा पसरट, गुळगुळीत उतार तयार करायचा. मग बारीक पॉलिश पेपर, मग डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगद्रवाने) तडा उरला नाही याची खात्री, मग रंग. हातोडीने ठोकून खाच दाबणं म्हणजे तडा झाकणं. आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, हेही लक्षात ठेवा. पन्नास वर्षं घासलेल्या पात्याची रुंदी आणि जाडी किमान मर्यादेखाली गेलेली असू शकते. ते शॉपमध्ये ठराविक अंतरांवर मोजूनच कळतं.

स्पिनरच्या मागच्या बल्कहेडला बोल्टच्या भोकांभोवती तडे आहेत का, तेही बघा. इंजिन बंद होताना स्पिनरचं टोक डगमगताना दिसलं, तर तिथेच शोधायला सुरुवात करा. ड्रिलने तड्याचं टोक थांबवून भागवू नका, बल्कहेड बदला.

लाकडी प्रोपेलर

हवेतल्या ओलाव्यानुसार लाकूड फुगतं आणि आकसतं, त्याबरोबर बोल्टचा ताण बदलतो. बोल्ट सैल पडले की हब फ्लँजवर घासतो, लाकूड करपतं, आणि मग बोल्ट तुटायला वेळ लागत नाही. नवीन बसवल्यावर पहिल्या उड्डाणानंतर, 25 तासांनी, पुढे दर 50 तासांनी आणि प्रत्येक ऋतुबदलाला टॉर्क तपासा. विमान उभं करताना प्रोपेलर आडवा ठेवा. उभा ठेवला तर ओलावा खालच्या पात्यात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी थरथर सुरू. टोकाच्या धातूच्या पट्टीतली बारीक भोकं रंगाने बुजली असतील तर मोकळी करा, पाणी तिथूनच बाहेर पडतं.

कॉन्स्टंट-स्पीड असेल तर

या प्रोपेलरमध्ये पात्यांचा कोन आपोआप बदलून आरपीएम कायम राखला जातो. इथे थरथरीच्या जोडीला आणखी दोन तक्रारी येतात: गळती आणि आरपीएमची वरखाली.

गळतीत पहिला प्रश्न: हे ग्रीस आहे, इंजिनाचं तेल आहे, की लाल द्रव? सगळं पुसून कोरडं करा, दहा मिनिटं चालवा, मग स्पिनर उतरवून बघा. पात्याच्या मुळापासून टोकाकडे जाणारी घट्ट रेघ म्हणजे हबमधलं ग्रीस. स्पिनरच्या मागे, काउलिंगच्या तोंडावर काळपट तेल म्हणजे क्रँकशाफ्टचं पुढचं सील किंवा प्रोपेलर आणि फ्लँजमधली ओ-रिंग. मॅकॉलीच्या काही हबमध्ये मुद्दाम लाल रंग मिसळलेलं तेल भरलेलं असतं, तडा गेला तर दिसावा म्हणून. तसा लाल डाग दिसला तर विमान उडवायचं नाही, प्रोपेलर शॉपला फोन करायचा.

ग्रीस भरल्यानंतर लगेच सुरू झालेली गळती बहुतेक वेळा आपल्याच हाताने झालेली असते. हार्टझेल कंपनीच्या हबमध्ये प्रत्येक पात्याला दोन ग्रीस निपल असतात. एक काढून ठेवायचं आणि दुसऱ्यातून हळूहळू ग्रीस सोडायचं. काढायला विसरलं तर दाब सीलवर येतो आणि सील बाहेर ढकललं जातं. मॅन्युअलमध्ये दिलेलंच ग्रीस वापरा, दोन प्रकार एकत्र करू नका.

आरपीएम कमी भरत असेल तर टेकऑफच्या धावेत काटा बघा. उभं असताना कमी आणि वेग वाढत जाईल तसा लाल रेषेपर्यंत चढतो, तर गव्हर्नर (पात्यांचा कोन बदलून आरपीएम राखणारा नियंत्रक) ठीक आहे; लो-पिच स्टॉप (पात्यांच्या सर्वांत कमी कोनाची मर्यादा) किंवा इंजिनाची ताकद तपासा. सुरुवातीपासून एकाच कमी आकड्यावर अडकून राहत असेल, तर गव्हर्नरचा हाय-आरपीएम स्टॉप किंवा कंट्रोल केबल पूर्ण प्रवास करत नाही. आरपीएम सतत खाली-वर झुलत असेल तर आधी तेल गरम होऊ द्या आणि रन-अपमध्ये प्रोपेलरचा लिव्हर तीन-चार वेळा मागे-पुढे करून हबमधली हवा काढा. तरीही झुलत राहिला तर गव्हर्नरच्या व्हॉल्व्हमधली घाण, नाहीतर क्रँकशाफ्टच्या पुढच्या बेअरिंगपाशी निसटणारा तेलाचा दाब. एक इंजिनाच्या बहुतेक विमानांत तेलाचा दाब पिच वाढवतो. म्हणून दाब गेला की पाती कमी पिचकडे जातात आणि आरपीएम उसळतो. तशा वेळी थ्रॉटल लगेच मागे घ्या.

बॅलन्स सर्वांत शेवटी

टॅकोमीटर, इंजिन, माउंट, ट्रॅक, खाचा, बल्कहेड, बोल्ट हे सगळं पाहून झालं, की मग डायनॅमिक बॅलन्स जरूर करा. कंपन इंच प्रति सेकंद या मापात मोजतात. 0.07 च्या खाली आलं की चांगलं मानतात. सुरुवातीचाच आकडा 1.2 च्या वर असेल तर वजन लावत बसू नका. प्रोपेलर उतरवून शॉपमध्ये स्टॅटिक बॅलन्स (इंजिनावर न चालवता, स्थिर स्थितीत केलेला) करून घ्या. शेवटी लावलेलं प्रत्येक वजन, त्याचं भोक आणि ग्रॅम लॉगबुकात लिहा, आणि बल्कहेडच्या आतल्या बाजूला तेच सांगणारं छोटं लेबल चिकटवा. स्पिनर पुढच्या वेळी जो उतरवेल, त्याला ते पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे.